एक्क्याण्णव टक्के भाऊ

४ जानेवारी

चि. मोजपट्टी,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या मशीनला दुरूनच नमस्कार.

मामाचं पत्र कसं काय, म्हणून दचकू नकोस. फोन मामीने काढून घेतलाय. डॉक्टर म्हणाले, घसा जपा, बोलणं कमी करा. मी विचारलं, कमी म्हणजे किती? ते म्हणाले, जितकं कमी तितकं बरं. मामीने त्याचा अर्थ शून्य असा लावला. तीस वर्षं लिलावघरात हातोडी आपटून गळा ताणलेला माणूस आता घरात पाणी मागायला टाळ्या वाजवतो. ती मजेत आहे.

आईकडून तुला कळलं असेलच. घशात, जिभेच्या पार मागे गाठ आहे. कॅन्सर. लिहून टाकला शब्द, आता पुढे. डॉक्टर म्हणाले, किरणांचे पस्तीस शेक घ्यावे लागतील. मी पाटीवर लिहून विचारलं, तीस करा, लगेच उचलतो. ते हसलेसुद्धा नाहीत. असल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस कशी करायची?

मग म्हणाले, शेक कुठून आणि किती जोराचे द्यायचे याचा प्लॅन दुसऱ्या शहरातल्या केंद्रातून येतो, तिथलं मशीन जुन्या केसेस बघून तो सुचवतं. केंद्राचं नाव ऐकलं तर तुझंच ऑफिस! तू लहानपणी घरातल्या सगळ्यांची नाकं मोजायचीस, आता लोक त्याचा पगार देतात होय?

मला दोनच गोष्टी हव्यात. एक, जगेन का. दोन, उभा राहून बोली लावता येईल का. गाठीच्या शेजारीच लाळेच्या ग्रंथी आहेत म्हणे, त्या भाजल्या तर तोंड कायमचं सुकतं. कोरड्या तोंडाने लिलाव होत नाही गं. मला दुसरं काही येत नाही.

तुझा (मुका) मामा


९ जानेवारी

मामा,

तुला नमस्कार. मामीला त्याहून मोठा, कारण तुला शून्यावर ठेवणं सोपं नाही.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हात धुवायच्या निमित्ताने जाऊन रडून आले. मग पस्तीसचे तीस करण्याचा भाग पुन्हा वाचला आणि तिथल्या तिथे हसले. आता शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मला घाबरून आहे.

तुझा प्लॅन तीच करतेय. नातेवाइकाचा स्वतः करायचा नाही असा आमचा नियम आहे. मी फक्त मान लांब करून बघते.

मशीनचं काम असं. आजवर शेक घेतलेल्या शेकडो लोकांच्या केसेस त्यात आहेत. नावं नाहीत, नुसते नंबर. गाठ कुठे होती, केवढी होती, लाळेच्या ग्रंथी किती लांब, मणका किती लांब, कसा प्लॅन केला आणि पुढे काय झालं. नवं स्कॅन आलं की मशीन शोधतं, हुबेहूब अशी गाठ आधी कुणाला होती? सगळ्यात जवळची केस काढून तिचा प्लॅन समोर ठेवतं. तिथून पुढे माणसं कामाला लागतात.

तुझ्याशी एक केस एक्क्याण्णव टक्के जुळली. मामा, हे फार झालं. एरवी ऐंशी मिळाले तरी आम्ही खूश असतो.

तू जगशील का? डॉक्टर म्हणतात शक्यता चांगली आहे, स्कॅन बघून मीही तेच म्हणते. बोलशील का? बोलशील. लाळ थोडी कमी होईल. तुझी डावी ग्रंथी वाचवायचीच यावर सगळे हट्टाला पेटलेत.

तुझी मोजपट्टी


१३ जानेवारी

चि. मोजपट्टी,

एक्क्याण्णव! अगं, मला जुळा भाऊ आहे आणि हे मला साठीत कळतंय! तुझ्या आजीने जाईपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही.

कोण आहे तो? काय करतो? माझ्यासारखाच तापट आहे का? हॉस्पिटलच्या बाकावर बसलो की मी आता एकेकाच्या गळ्याकडे बघतो. परवा एक गृहस्थ मानेला मफलर गुंडाळून आले. मी त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसलो, तर ते उठून दुसऱ्या बाकावर गेले.

काल माझा मास्क केला. गरम पाण्यातून जाळी काढली, ओल्या टॉवेलसारखी तोंडावर ओढली आणि टेबलाला कड्यांनी अडकवली. शेक घेताना हलायचं नाही म्हणून. थंड झाल्यावर काढली तर माझंच तोंड! मिशीसकट! या मिशीवर लिलावघर चालतं. लोक घड्याळ, कपाट काय ते नंतर बघतात.

आता कामाचं बोलू. ते नऊ टक्के कुठे अडकलेत? माझ्या हाताखालून नऊ टक्के कमी बोलीवर काही गेलेलं नाही. काय कमी पडतंय ते नीट सांग.

आणि खरं विचारायचं ते राहिलंच. तो आज कसा आहे? बरा आहे ना?

मामा


१७ जानेवारी

मामा,

लोकांच्या गळ्याकडे बघणं बंद कर, पोलीस येतील.

विचारलंस म्हणून फरक सांगते. त्या केसमध्ये गाल आणि मान तुझ्यापेक्षा भरलेली होती. मास्क ओठावर सपाट बसला होता, तुझा मिशीपाशी थोडा उचललेला आहे. आणि तुझी गाठ किंचित डावीकडे आहे. झालं. वरवर दिसणारे फरक एवढेच.

पुढे काय झालं ते मात्र सांगता येणार नाही. दुसऱ्याची तब्येत आहे ती, मला तो हक्क नाही. आणि मामा, समजून घे. ती केस जगली म्हणून तू जगशील असं नसतं, आणि गेली म्हणून तू जाशील असंही नसतं. तुझं शरीर तुझं आहे.

जेवत जा नीट.

मोजपट्टी


२७ जानेवारी

चि. मोजपट्टी,

उद्या पहिला शेक. आज तुला आनंदाची बातमी देतो.

तुझं पत्र आल्यापासून मी कामाला लागलोय. सकाळी चार अंडी, दुपारी पोट फुटेस्तोवर, रात्री मामी झोपली की साय. गाल असे भरलेत की चष्म्याच्या काड्या रुततात. आणि आज सकाळी मन घट्ट करून मिशी काढली. चाळीस वर्षांची मिशी! न्हाव्याने दोनदा विचारलं. घरी येऊन बेल वाजवली तर मामी दार अर्धवट उघडून म्हणाली, "ते घरी नाहीत."

आता मशीनला बघायला सांग. शंभर म्हणत नाही, पण अठ्ठ्याण्णवच्या खाली मी हातोडी आपटणार नाही. गाठ तेवढी उजवीकडे सरकवता आली नाही.

एक गोष्ट मनाला लागली. भावाबद्दल तू लिहिलंस ते मी समजलो. "गेली म्हणून तू जाशील असंही नसतं." किती हळूच सांगितलंस. मला माहीत होतं, तू खोटं बोलत नाहीस. दादा गेला म्हणजे. ओळखपाळख नव्हती, पण दिवसभर गप्प बसवलं बघ त्याने मला. म्हणजे होतो त्याहून गप्प.

मामा


३० जानेवारी

मामा,

मोठ्या माणसाला रागावून काय म्हणतात ते मला सुचत नाहीये. मी मामीला सगळं सांगितलंय, ती माझ्या वतीने म्हणेल.

परवा तुझा मास्क लागला नाही. दोघा जणांनी दाबून बघितला, गालांपाशी कडी बसेना आणि ओठावर बोटभर पोकळी. मिशीची रिकामी खोली! काल नवं स्कॅन झालं, आता नवा मास्क, नवा प्लॅन. कॅन्सरच्या उपचाराचा दीड आठवडा तू सायीत घालवलास.

आणि टक्के ऐक. मशीनने पुन्हा तीच केस काढली. अठ्ठ्याऐंशी! एवढं खाऊन आणि मिशीचा बळी देऊन तू तीन टक्के घालवलेस. मशीन मिशी बघत नाही, मामा. ते गाठ आणि ग्रंथी यांच्यातलं अंतर बघतं, आणि तुझ्या मानेवर चरबी चढल्यावर तेच सगळं हललं.

चूक माझीही आहे. तुला फरक सांगितले की तू ते भरायला निघणार, हे मला तुझी भाची असून कळायला हवं होतं. उरलेले टक्के तुझे नसतात, आमचे असतात. तिथे मशीनचं काम संपतं आणि माझी मैत्रीण दोन-दोन दिवस बसून किरणांचे कोन फिरवत राहते, तुझी डावी ग्रंथी वाचेपर्यंत. सगळी माणसं शंभर टक्के जुळली असती तर आम्हाला केव्हाच घरी पाठवलं असतं.

आता हुकूम. वजन आहे तिथेच ठेव. नवा मास्क बिनमिशीचा होणार, तेव्हा शेक संपेपर्यंत रोज दाढी करायची आणि मिशीही काढायची. भोग आता.

आणि दादा गेला असं मी म्हटलेलं नाही. आहे असंही म्हटलेलं नाही. मी काहीच म्हटलेलं नाही.

(रागावलेली) मोजपट्टी


३ मार्च

चि. मोजपट्टी,

शेक चालू आहेत. चालू होते म्हणू.

पहिले दोन आठवडे मी हॉस्पिटलात रुबाबात जायचो. मास्क अडकवला की आतल्या आत लिलाव पुकारायचो, शेकाचं मशीन घरघरत डोक्याभोवती फिरायचं, वेळ जायचा. आता घसा सोलून निघालाय. पाणी गिळायचं म्हटलं तरी आधी मन तयार करावं लागतं. साय मामीने दाखवली तरी नको वाटते, आणि चव कशालाच नाही. मामी रोज वजनकाट्यावर उभं करते आणि आकडा बघून माझ्याशी गोड बोलते, त्याचीच जास्त भीती वाटते.

रोज टेबलावर झोपलो की दादाची आठवण येते. त्याचाच प्लॅन, त्याच दिशांनी येणारे शेक. त्यानेही असंच सगळं सोसलं असेल आणि तरी गेला. मग मी कशासाठी सोसतोय? तू म्हणशील, मी तसं म्हटलं नाही. पण चांगली बातमी असती तर तुझ्या पोटात राहिली असती का? लहानपणी वाढदिवसाला काय आणलंय ते तू आधीच सांगून टाकायचीस.

काल गेलो नाही. आजही नाही गेलो. मामी रडली. मला भीती वाटते गं. हे तोंडाने कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

मामा


६ मार्च

मामा,

तुझं पत्र यायच्या आधी मामीचा फोन आला, तुझ्याच फोनवरून. ती एवढंच म्हणाली, "त्याला वाटतंय त्याचा भाऊ गेला."

मी ऑफिसातल्या सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मिशीसकट. सर आधी हसले, मग त्यांनी त्या केसचा नंबर मागितला. नंबरामागचं नाव आम्हाला माहीत नसतं, ते त्या वेळच्या डॉक्टरांकडे असतं. सरांनी त्यांना फोन केला, त्यांनी त्या व्यक्तीला विचारलं, की असा एक माणूस आहे, तुम्हाला काही सांगायचंय का? नाही म्हणाल तर विषय संपला.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. हाताने लिहिलेलं, फोटो काढून पाठवलेलं. मी मामीला धाडतेय, खालच्या दुकानातून छापून ती हे दोन्ही कागद तुला देईल. मी ते वाचलंय. क्षमा कर, राहवलं नाही.

मोजपट्टी


६ मार्च

अठ्ठ्याऐंशी टक्के भावास,

(आधी एक्क्याण्णव होतात म्हणे. पराक्रम कळला.)

मी जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण तुम्ही माझं सगळं उरकून मोकळे झालात असं समजलं. सहा वर्षं झाली, दर तपासणी स्वच्छ येते.

दुसरं, मी बाई आहे. माझ्यासारखं दिसण्यासाठी तुम्ही मिशी काढलीत, याबद्दल आभार मानायचे की कसं ते मला ठरवता येत नाहीये. वयानेही मोठी आहे, तेव्हा दादा नको, ताई म्हणा.

मी मुलांना पोहायला शिकवते. दिवसभर तलावाच्या काठावर उभी राहून शिट्टी आणि आरडाओरडा. गाठ निघाली तेव्हा मी डॉक्टरांना जगण्याचं नंतर विचारलं, शिट्टीचं आधी. चौथ्या आठवड्यात मीही शेकाला जायचं बंद केलं होतं. अन्न पुठ्ठ्यासारखं लागतं ना? रात्री कूस बदलली तरी घसा दुखतो ना? मला तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं की हे संपतं. तुम्हाला मी सांगते. संपतं. आधी पाणी सोपं होतं, मग भात, मग एक दिवस अचानक मीठ लागतं आणि माणूस रडतो.

पहिलं वर्षभर शिट्टीतून नुसती हवा यायची, मुलं तोंड लपवून हसायची. आता वाजते. तोंड मात्र सुकतं, म्हणून पाण्याची बाटली कायम हातात. त्यात लाजायचं काही नाही.

माझं झालं तसंच तुमचं होईल असं म्हणत नाही, तुमच्या भाचीने तशी ताकीद दिलीय. पण मधे थांबू नका. पाण्यात उतरलेलं मूल घाबरून काठाला चिकटलं तर मी हात धरून ओढत नाही, शिट्टी मारते. ती कागदावर ऐकू येत नाही, पण मारली आहे असं समजा आणि उद्या सकाळी जा.

ताई


७ मार्च

चि. मोजपट्टी,

जाऊन आलो. बुडालेले शेक शेवटी जोडून देणार आहेत.

ताईंना निरोप दे, की आमच्या घराण्यात मुलगी नव्हती म्हणून माझी आई जन्मभर... नाही, तुझी आई होती. ते राहू दे. त्यांना म्हणावं, शिट्टी ऐकू आली.

मामा


१८ सप्टेंबर

मामा,

डॉक्टरांचं पत्र मी तीनदा वाचलं. स्वच्छ! गाठीचा मागमूस नाही. आणि डाव्या ग्रंथीतून लाळ येतेय, थोडी, पण येतेय. माझ्या मैत्रिणीने ऑफिसात टेबलावर हातोडीसारखा हात आपटला आणि म्हणाली, "तीन वार!" तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवत होते, हे आता कबूल करते.

पुढच्या महिन्यात तुझा पहिला लिलाव, मामीने कळवलं. बाटली घेऊन उभा राहा. मंचावर पाणी पिणं कमीपणाचं वगैरे मला सांगू नकोस.

एक परवानगी हवी आहे. तुझी केस आता मशीनमध्ये ठेवायची आहे. नाव नाही, नुसता नंबर. उद्या तुझ्यासारखी गाठ घेऊन कुणी आलं तर त्याच्यासाठी तुझा प्लॅन निघेल. चालेल का?

मोजपट्टी


२१ ऑक्टोबर

चि. मोजपट्टी,

लिलाव झाला. आता ऐक, नाहीतर मामी तुला तिच्या पद्धतीने सांगेल.

बाटली मी नेली नाही. मामीने पिशवीत घातली, मी कोपऱ्यातल्या खुर्चीखाली सरकवली. चाळीस वर्षांच्या मिशीने (ती परत आलीय, जरा पांढरी आलीय) पाण्याचा घोट घेत बोली पुकारायची? शोभत नाही.

सुरुवात झकास झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन-चार वस्तू गेल्या. मग आलं आरशाचं मोठं कपाट. एक हॉटेलवाला आणि एक फर्निचरवाला, दोघेही इरेला पेटलेले. हॉटेलवाल्याची बोली वर. मी म्हटलं, एक वार! मी म्हटलं, दोन वार! हातोडी उचलली, तोंड उघडलं, आणि जीभ टाळूला चिकटली. हलेना. काही केल्या "तीन" येईना. सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय. मालक बघतायत. मला वाटलं, संपलं. इथेच, सगळ्यांसमोर, मी संपलो.

आणि मागच्या रांगेतून शिट्टी वाजली. अशी खणखणीत, की पुढच्या बाईंची पर्स पडली.

एक उंच बाई उभ्या होत्या. आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला शिट्टी. त्यांनी माझ्याकडे बघत बाटली उघडली, सावकाश घोट घेतला आणि मान हलवली. त्या कोण, हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती. मी मंचावरून उतरलो, कोपऱ्यातल्या खुर्चीखालून बाटली काढली, सगळ्यांसमोर गटागटा प्यायलो आणि परत चढलो.

तेवढ्या वेळात फर्निचरवाल्याला वाटलं, मी मुद्दाम थांबलोय. त्याने बोली वाढवली. मग हॉटेलवाल्याने. मग पुन्हा त्याने. "तीन वार" म्हणेपर्यंत कपाट कुठल्या कुठे गेलं होतं. मालक आता मला म्हणतात, दर वस्तूला तोंड सुकू देत जा.

नंतर ताईंशी बोललो. दोन तासांचा प्रवास करून आल्या होत्या, तुझ्या मामीने कळवलं म्हणून. म्हणजे डॉक्टरांमार्फत, नियमाने. मामीचं आणि त्यांचं माझ्याविषयी एकदम जमलं. मी मधे काही बोलायला गेलो की दोघी मिळून बाटली पुढे करतात.

आता तुझी परवानगी. दिली. पण एक अट, आणि ती केससोबत लिहून ठेव. उद्या कुणी माझ्याशी जुळेल. किती टक्के ते तुमचं तुम्ही बघा. तो घाबरेल आणि विचारेल, हा माणूस आज कसा आहे? तेव्हा गप्प बसायचं नाही. दुसऱ्याची तब्येत म्हणून सांगायचं नाही. ही माझी तब्येत आहे आणि माझी परवानगी आहे, खाली सही केलीय.

त्याला लगेच सांगायचं, जिवंत आहे. बोलतोय. मिशी ठेवा.

आणि विचारणारी बाई निघाली, तर मिशीचं तेवढं गाळ.

तुझा मामा